कुरडयांवरचा ओला पट्टा

१

बेबीताईंच्या कुरडया तिसऱ्या दिवशीही वाळल्या नाहीत, तेव्हा त्यांनी नवऱ्याला गच्चीवर बोलावलं.

"अहो, या बरं जरा वर. हे काय होऊन राह्यलं मले समजत नाही."

डॉ. प्रेमानंद हिवाळे गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आले. वय चौऱ्याहत्तर. बुलढाण्याच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. घरातून निघताना गॅस बंद केला का हे दोनदा बघणारे, आणि तिसऱ्यांदा बघायला परत येऊन बायकोची बोलणी खाणारे. पेपर तपासत तेव्हा बेरीज तीन वेळा करत आणि तरीही रात्री उठून म्हणत, "सत्तावीसच होते ना गं?"

एप्रिल संपत आला होता. दुपारचे तीन. तीन जुन्या साड्या एकीला एक लागून अंथरलेल्या आणि त्यांवर गव्हाच्या चिकाच्या कुरडया ओळीनं घातलेल्या. अशा उन्हात त्या दुसऱ्या दिवशीच कडकडीत व्हायच्या. तशा त्या झाल्याही होत्या. पण सगळ्या नव्हे. पश्चिमेकडून पूर्वेकडे, तिन्ही साड्यांवरून, मधोमध एक रुंद पट्टा ओलाच राहिला होता. चिकाची लकाकी तशीच.

"टाकीची सावली पडत असंल," प्रेमानंद म्हणाले.

"टाकी तिकडं हाय, उत्तरेले. एवढे शिकले तुम्ही, पण सावली कुठं पडते ते मीच सांगू का?"

ते खाली बसले. पट्ट्याची कड पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती. एक कुरडई नेमकी त्या कडेवर आलेली. त्यांनी ती उचलली. अर्धी कुरडई वाळून काचेसारखी झालेली आणि अर्धी बोटाला चिकटली.

त्यांनी फरशीला हात लावला. पट्ट्याबाहेर हात ठेववत नव्हता. पट्ट्यात फरशी माठाच्या पोटासारखी गार होती.

हाताची जाणीव फसवते, हे त्यांनी किती वर्गांना शिकवलं होतं. त्यांनी खालून टेप आणला आणि पट्ट्याची रुंदी मोजली. तीन मीटर पंच्याण्णव. पुन्हा मोजली. तीन मीटर पंच्याण्णव. हा आकडा कुठंतरी भेटलेला आहे असं त्यांना वाटलं. पण त्यांना हल्ली बरंच काही वाटायचं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

२

त्यांची मुलगी मंजुश्री विमान उडवते. बुलढाण्यात आजही रेल्वे नाही, एसटी हाच आधार. त्या गावातली मुलगी विमान उडवते, हे सांगताना प्रेमानंदांचा आवाज अजूनही थोडा हलायचा. सध्या बुधवारी आणि शनिवारी तिची फेरी मुंबईहून पूर्वेकडच्या एका शहराला असायची. शहराचं नाव इथं सांगून कोणाला अडचणीत आणायचं कारण नाही. त्या वाटेवर विमान चार वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास बुलढाण्यावरून जायचं. अकरा किलोमीटर उंचीवरून, सुईएवढं. प्रेमानंद गच्चीवर दुर्बीण घेऊन उभे राहायचे आणि ते दिसेनासं झालं की जिन्यातून खाली ओरडायचे, "गेली गं!"

"पोचली म्हणून सांगा," बेबीताई दर वेळी तेच म्हणायच्या. "गेली काय म्हणता!"

त्यांच्या टेबलाच्या खणात एक वही होती. तिच्यात वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली. विमान आणि ड्रोन यांच्या थोडक्यात टळलेल्या टकरींची. अपघातांची नव्हे; अपघातांची बातमी ते वाचतच नसत. उतरणाऱ्या विमानाच्या पंखाखालून कुठं ड्रोन निघून गेला, कुठं वैमानिकाला काचेसमोर काहीतरी चमकून गेलेलं दिसलं, कुठं धावपट्टी अर्धा तास बंद राहिली. प्रत्येक कात्रणाखाली ते पेन्सिलीनं अंतर लिहीत आणि त्यापुढं दोन शब्द : 'सर्व सुखरूप'. ते शब्द लिहिताना त्यांना फार बरं वाटायचं. ओळख ना पाळख, दोन-दोनशे माणसं घरी पोचली, जेवली, झोपली. हे आपण कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे, एवढंच.

आभार कोणाचे, हा प्रश्न मात्र त्या घरात नव्हता. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी देऊळघाटच्या, म्हणजे गावाकडच्या, घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्यापुढं हात जोडायचे ते मागण्यासाठी नाही, हे मंजुश्रीला बोलता येऊ लागलं तेव्हापासून सांगितलेलं. शकुन नाही, अपशकुन नाही. ऐंशीच्या दशकात गावोगावी भानामतीच्या अफवा उठायच्या, तेव्हा प्रेमानंद कंदील आणि पांढरा पडदा घेऊन सायकलवर फिरले होते. पडद्यावर सावल्या पाडून दाखवायचे. म्हणायचे, वस्तू असली तर सावली असते. वस्तू नसेल तर सावली नाही. बस, एवढंच आहे.

३

त्या बुधवारी संध्याकाळी शेजारचा आसिम लॅपटॉप घेऊन आला. तिशीतला, लग्नांची शूटिंग करणारा. नवा ड्रोन घेतल्यापासून तो दिवसा सराव करायचा. दोन्ही घरांच्या गच्च्यांमध्ये फक्त कमरेएवढी भिंत होती.

"सर, तुम्ही फिजिक्सचे. हे पाहा बरं जरा. मले तं समजूनच नाही राह्यलं."

"काय झालं? कोणाच्या लग्नात नवरी बदलली का?"

"मजाक नाही सर."

पडद्यावर वरून दिसणारी वस्ती होती. पाण्याच्या टाक्या, डिश, वाळत घातलेले कपडे, बेबीताईंच्या साड्या. कोपऱ्यात उंची : एकशे दहा मीटर. वेळ : चार चाळीस.

मग पश्चिमेकडून एक सावली आली. विमानाची. पंख, शेपूट, पंखांखालच्या दोन इंजिनांचे फुगवटे, सगळं कापून काढल्यासारखं स्पष्ट. ती आसिमच्या गच्चीवरून, प्रेमानंदांच्या गच्चीवरून, साड्यांच्या मधोमध गेली आणि पूर्वेच्या कडुनिंबावर चढून दिसेनाशी झाली.

"विमान गेलं असंल वरून," बेबीताई चहा ठेवत म्हणाल्या.

प्रेमानंद मनात हिशोब करत होते. सूर्य म्हणजे टिंब नाही, तबकडी आहे. वस्तू जेवढी रुंद असेल, तिच्या साधारण शंभर पट अंतरापर्यंतच तिची गडद सावली टिकते. पुढं ती विरघळून जाते. चार मीटर रुंद वस्तूची सावली चारशे मीटरपर्यंत. मंजुश्रीचं विमान अकरा हजार मीटरवर होतं. त्याची सावली जमिनीपर्यंत पोचूच शकत नाही. ही एवढी धारदार सावली पडायची तर विमान गच्चीच्या शे-दोनशे मीटर वर हवं. तसं ते आलं असतं, तर बुलढाण्याच्या काचा फुटल्या असत्या.

"तू एडिट केलंस?"

"खुदा की कसम सर. कार्ड काढलं अन् तसंच लावलं. अन् अजून एक गोष्ट हाय. हे पाहा, हे लहान काय हाय?"

त्यानं चित्र थांबवलं. विमानाच्या सावलीच्या उजव्या बाजूला, उजव्या इंजिनापासून थोडं दूर, एक लहान काळा ठिपका होता. चार हातांचा.

"तुझ्याच ड्रोनची सावली."

"एवढ्या उंचीवरून पडते का हो सर?"

पडत नाही. हातभर रुंदीच्या ड्रोनची सावली एकशे दहा मीटरवरून जमिनीपर्यंत टिकत नाही. प्रेमानंदांना हे माहीत होतं आणि आसिमनं हे विचारावं याचं त्यांना, शिक्षक म्हणून, एक क्षणभर बरंही वाटलं.

तो गेल्यावर त्यांनी खण उघडला. मंजुश्रीनं प्रशिक्षणाच्या वेळी दिलेलं एक जुनं माहितीपत्रक त्यात होतं. तिच्या विमानाच्या मापांचं. त्यांनी चष्मा पुसला. लांबी, पंखांची रुंदी, उंची. मग धडाची रुंदी.

तीन मीटर पंच्याण्णव.

४

माणसाला एकदाच दिसलेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. प्रेमानंदांनी स्वतःला हे सांगितलं आणि शनिवारची तयारी केली.

दोन वर्षांपूर्वी देऊळघाटला गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली होती. त्याआधी गावातल्या प्रत्येकानं आपापल्या घराभोवती चुन्याच्या रेषा मारल्या होत्या, म्हणजे वरून हद्द दिसावी. प्रेमानंदही त्या वेळी चुन्याची बादली घेऊन वडिलांच्या घराभोवती फिरले होते. तीच पद्धत त्यांनी इथं वापरली. आपल्या गच्चीवर आणि आसिमच्या गच्चीवर, दक्षिणोत्तर, एकेक मीटरवर चुन्याच्या फुल्या मारल्या.

"बायकोले चुना लावून झाला, आता गच्चीले लावून राह्यले," बेबीताई म्हणाल्या. कुरडया त्यांनी गोळा केल्या होत्या. ओल्या होत्या त्या पुन्हा घातल्या नाहीत. का, ते प्रेमानंदांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी चार चाळीसला आसिमचा ड्रोन वर होता आणि प्रेमानंद गच्चीवर होते. त्यांना काही दिसलं नाही. फक्त एकदा मानेवरून कोणीतरी ओला पंचा ओढून नेल्यासारखं वाटलं. शेजारचा कूलर चालू होता, खाली कुकरची शिट्टी झाली. सगळं जिथल्या तिथं.

चित्रात सावली होती.

त्यांनी फुल्या मोजल्या. बुधवारच्या चित्रात, गच्चीच्या मापावरून काढलेलं अंतर : लहान सावली उजव्या इंजिनापासून नऊ मीटर. शनिवारी : सहा.

पुढच्या बुधवारी : तीन.

तीनचा आकडा कागदावर लिहिल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. आता रेषा ओढायला भौतिकशास्त्र लागत नव्हतं. तिसरीतल्या पोरालाही सांगता आलं असतं.

"सर," आसिम हळूच म्हणाला, "हे मुंबईवालं तुमच्या ताईचंच विमान ना?"

"तुझा ड्रोन एकशे वीसच्या वर जातो का?"

"लॉक हाय सर. अन् ते विमान कुठं, हा कुठं. बुलढाण्यात काहीच होऊ शकत नाही."

"इथं नाही," प्रेमानंद म्हणाले. "पण ते उतरतं ना कुठंतरी."

आसिमनं लॅपटॉप मिटला. "मी कार्ड फॉरमॅट करून टाकतो."

"केलंस तर काय होईल? मला दिसणार नाही, एवढंच."

५

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी फोन लावला. लावण्याआधी तासभर खोलीत येरझाऱ्या घातल्या.

उडू नकोस म्हणावं? ती ऐकेल. बापासाठी एक दिवस आजारी पडेल. मग तिच्या खुर्चीत दुसऱ्या कोणाची तरी मुलगी बसेल, मागं तेवढीच माणसं बसतील, आणि विमान त्याच वेळी निघेल. आपलं लेकरू तेवढं उतरवून घ्यायचं आणि बाकीच्यांना जाऊ द्यायचं? आणि तिनं ऐकलं नाही तर? बापानं दिलेली भीती डोक्यात घेऊन ती उडेल. भ्यालेल्या वैमानिकापेक्षा वाईट काय? शिवाय हे सगळं त्यांच्या डोक्यातच असेल तर? डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. वय झालेलं. दोन सावल्या आणि एक ओला पट्टा, यावर चौतीस वर्षांचं शिकवणं फेकून द्यायचं?

"बाबा, जेवलात?" मंजुश्री म्हणाली.

"हो. तू?"

"आता जेवेन. आई काय करतेय?"

"तुझी आई भाकरी करतेय आणि मला शिव्या देतेय."

"मग सगळं ठीक आहे." ती हसली. मग थांबली. "बाबा, तुम्ही परत ती कात्रणं काढून बसला आहात का? आवाज तसा येतोय."

"नाही, नाही. मला एक विचारायचं होतं. उतरताना तुम्हाला तुमची सावली दिसते का?"

"दिसते ना. ऊन असलं तर. धावपट्टी जवळ आली की कुठूनतरी धावत येते. छान दिसते."

"कोणत्या बाजूला?"

"उद्या संध्याकाळी उतरताना उजवीकडे असेल. का?"

"तिची कड किती अंतरावरून स्पष्ट होते ते मला हवं आहे. बघून सांगशील? उजवीकडे. नीट बघ. पाचशे फुटांच्या आत."

"या वयात मला होमवर्क!" ती म्हणाली. "जाताना कॅप्टन उडवणार आहेत, मी उजव्या सीटवर आहे. वेळ मिळाला तर बघेन, बाबा. तिथं आमचे डोळे आतल्या आकड्यांवरच असतात."

"नुसती एक नजर."

"बरं. वेळ मिळाला तर." मग ती थोडं हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मी बरा आहे," प्रेमानंद म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, आपण जगातल्या सगळ्यात भित्र्या माणसासारखं वागलो. खरं सांगायची हिंमत नाही आणि गप्प बसायचीही नाही.

बेबीताई दारात उभ्या होत्या. हाताला पीठ.

"सांगतलं का तिले?"

"काय सांगू? सावली दिसली म्हणून?"

"मले काय विचारता," त्या म्हणाल्या. "मी कुरडया पाह्यल्या, तुम्ही आकडे पाह्यले. मले कुरडयाइनंच भेव वाटलं."

६

शनिवारी आसिमला एका हळदीचं शूटिंग होतं. प्रेमानंदांनी त्याला ड्रोन उडवू नको म्हणून विनंती केली होती.

"तुमच्यासाठी आज जमिनीवरूनच काढतो सर," तो म्हणाला होता. "नवरीच्या मामाच्या शिव्या खातो. काही हरकत नाही. पण ताई उतरल्या की मले एक फोन करा."

ड्रोन नाही, तर सावली नाही. कॅमेऱ्यातला दोष असेल तर तो आज दिसणार नाही. हाही एक प्रयोगच होता, असं प्रेमानंद स्वतःला सांगत होते. चार पस्तीसला ते गच्चीवर आले. वर निळं, काहीच नसलेलं आकाश. उन्हानं चुन्याच्या फुल्या डोळ्यांत खुपत होत्या. कूलर घरघरत होता. कुठंतरी लाउडस्पीकरवर कोणी टेस्टिंग, टेस्टिंग म्हणत होतं.

चार एकोणचाळीस.

आधी आवाज बदलले. थांबले नाहीत, भिंतीपलीकडं गेल्यासारखे झाले. कूलर होता, पण दुसऱ्या कोणाच्या घरातला. मग आसिमच्या टाकीचा पांढरा रंग करडा झाला, आणि त्या करड्या रंगाला टोक होतं. ती आली.

या वेळी ती निघून गेली नाही. ती प्रेमानंदांच्या गच्चीवर आली आणि हळू झाली, जशी एसटी स्टँडवर लागताना होते, आणि थांबली. ते तिच्या आत उभे होते. पायांखालची फरशी गार. मान वर करायची त्यांची छाती झाली नाही. ते खालीच पाहत राहिले. उजव्या बाजूला, इंजिनाचा फुगवटा जिथं संपत होता, त्या फुलीवर चार हातांची लहान सावली टेकलेली होती. मधे अंतर नव्हतं. शून्य.

त्यांना ओरडायचं होतं. कोणाला ते समजेना.

मग त्यांना दिसलं की ती सावली पूर्ण काळी नव्हती. तिच्या धडात, मधोमध, उजेडाच्या दाण्यांची एक ओळ होती. शेपटापासून पुढपर्यंत. खिडक्या. दोन्ही बाजूंच्या खिडक्या समोरासमोर आल्या, तर ऊन एका खिडकीतून येऊन दुसरीतून... त्यांचं मन सवयीनं हिशोब मांडू लागलं आणि मधेच थांबलं.

शेपटाकडचा पहिला दाणा विझला. पुन्हा उजळला. मग त्याच्या पुढचा विझला, उजळला. मग त्याच्या पुढचा.

आत कोणीतरी चालत होतं.

पुढं, नाकाकडे. घाई नव्हती. दवाखान्यात रात्रपाळीची नर्स वॉर्डातून एकेका खाटेशी थांबत जाते, तसं. एकेक दाणा झाकत आणि सोडत ते पुढं पुढं गेलं. प्रेमानंदांना त्याचा आकार दिसला नाही. फक्त एकदा, पंखांच्या पुढं, एक दाणा बराच वेळ विझून राहिला, जणू जाणारा थांबून खिडकीतून खाली बघत होता. गच्चीवर. त्यांच्याकडे.

मग शेवटचा दाणा विझला. त्यापुढं सावली गच्च काळी होती. तिथं काय झालं ते दिसायला जागाच नव्हती.

ऊन एकदम अंगावर पडलं. कूलर आपल्या जागी आला. अकरा किलोमीटर वर एक सुई पूर्वेकडे सरकत होती, तिचा आवाजही इथपर्यंत येत नव्हता. प्रेमानंदांनी खाली ओरडायला तोंड उघडलं, पण "गेली" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

७

उतरल्यावर मंजुश्रीचा एक शब्दाचा मेसेज यायचा : 'उतरले'. पाच वीसच्या आसपास.

पाच वीस झाले. पाच तीस झाले. बेबीताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. पावणेसहाला त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला आणि प्रेमानंदांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

पाच बावन्नला फोन वाजला.

"बाबा."

"कुठं आहेस?"

"खाली. जमिनीवर. सगळे ठीक आहेत." तिचा श्वास मोठा येत होता. "आई आहे का तिथं? स्पीकरवर टाकू नका अजून."

बेबीताईंनी फोनच्या मागून कान लावला होता. त्यांनी मान हलवली. टाकू नका.

"उतरत होतो," मंजुश्री म्हणाली. "चारशे फूट असेल. कॅप्टन उडवत होते, माझे डोळे आत होते. आणि माझ्या हातांवर सावली पडली. ऊन डावीकडून येत होतं. कोणी मागून दोन सीटच्या मधे वाकलं तर पडेल तशी. मला वाटलं कॅप्टन पुढं झुकले. ते नव्हते झुकले. ती सावली अशी... डोकं उजवीकडे वळवून खिडकीतून बाहेर बघत होती. माणूस बघतो तसं. म्हणून मीही तिकडं बघितलं."

"हं."

"ड्रोन होता, बाबा. मोठा, शेतात फवारणी करतात तसला. उजव्या इंजिनाच्या अगदी समोरच्या रेषेत. मी गो अराउंड म्हणाले, कॅप्टननी लगेच वर घेतलं. तो खालून गेला. किती अंतरावरून ते मला सांगता येणार नाही. सांगायचंही नाही." ती थांबली. "दुसऱ्यांदा उतरलो. एकशे चौऱ्याहत्तर लोक. दारात एक काका मला म्हणाले, मॅडम, तुमच्या चकरा मारण्यानं माझी शेवटची बस गेली. मी त्यांना सॉरी म्हणाले. बाबा, त्यांच्यावर मला इतकं प्रेम आलं ना."

प्रेमानंदांना हवं होतं ते त्यांनी विचारलं. "म्हणजे माझी सावलीची गोष्ट तुला आठवली."

"नाही हो," ती म्हणाली. "तुमचा होमवर्क मी साफ विसरले होते. आत्ता, तुमच्याशी बोलताना आठवला. सॉरी."

खोलीत पंखा फिरत होता. बेबीताईंचा हात त्यांच्या मनगटावर होता.

"कॉकपिटात तुम्हा दोघांच्या मागं तिसरी जागा असते ना? तिथं कोणी होतं?"

"रिकामी होती."

"दार?"

"आतून बंद असतं, बाबा." मग ती म्हणाली : "रिपोर्टमध्ये मी ड्रोन दिसला एवढंच लिहिलं आहे. सावलीचं नाही लिहिलं. तुम्ही सांगायचात, निरीक्षण बसत नसलं तरी लिहायचं. लिहू का?"

आयुष्यभर त्यांनी या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं होतं. त्यांनी ते आताही दिलं, पण थोडं बदलून. "तुझ्या स्वतःच्या वहीत लिही. जे झालं तेवढंच. त्याला नाव देऊ नकोस."

"तुम्ही काही बोलत नाही आहात," मंजुश्री म्हणाली. "तुम्हाला काही माहीत आहे का?"

"माहीत काहीच नाही," प्रेमानंद म्हणाले, आणि ते खरंच होतं. "तू जेव. आईशी बोल."

बेबीताईंनी फोन घेतला आणि "मंजू" एवढंच म्हणून त्या रडायला लागल्या.

८

आसिमला कळवून ते गच्चीवर आले तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड बराच होता. देऊळघाटकडून येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. कोणाच्या तरी गच्चीवर बायका पापड उचलत होत्या आणि मोठ्यानं हसत होत्या.

ते आपल्या डोक्यात त्या माणसांना घरी पोचवत होते. बस चुकलेले काका एखाद्या नातेवाइकाकडे गेले असतील, तिथं गरम पोळी खात विमान कंपनीला शिव्या देत असतील. कोणाचं बाळ झोपलं असेल. कोणी बॅग उघडून मुलांना खाऊ काढून देत असेल. एकशे चौऱ्याहत्तर जणांना ठाऊकच नव्हतं. ज्याला ठाऊक नाही तो आभार कसे मानणार? कोणी तरी मानायला हवेत, आणि ठाऊक असलेला या गच्चीवर एकच माणूस होता. बरं, मानायचे कोणाचे? आपण केलं असं म्हणावं, तर आपला प्रश्न ती विसरली होती. आपण वाचवलं नव्हतं. आपल्याला फक्त दाखवलं गेलं होतं.

त्यांना भीती वाटत होती. खिडकीशी थांबून खाली पाहिलेलं ते काय होतं? ते आजच तिथं चढलं होतं, की आधीपासून तिच्या मागच्या रिकाम्या जागेवर बसून असायचं? उद्याही असेल? असावं का? त्यांना वाटलं, नसावं. मग लगेच वाटलं, असावं. फार मनापासून वाटलं.

त्यांनी हात जोडले. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदाच, समोर काहीही नसताना.

"आभार," ते म्हणाले. आवाज चमत्कारिक वाटला, म्हणून घसा साफ करून नीट म्हणाले. "तुम्ही कोण ते मला माहीत नाही. विचारतही नाही. पोरीला तिकडं बघायला लावलंत. सगळ्यांच्या वतीनं आभार."

जिन्यात पावलं वाजली. बेबीताई वर आल्या होत्या, धापा टाकत.

"कोणाशी बोलून राह्यले?"

"माहीत नाही."

त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. ते वेडावले का, हे तपासावं तशा. मग त्यांनी पदर सारखा केला आणि डोक्यावरून घेतला, पाहुण्यांसमोर घ्यायच्या तसा.

"मंग माह्याकडूनही सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं.

वारा पडला होता. मग बेबीताई त्यांचा दंड धरून जिन्याकडे निघाल्या. दाराशी आल्यावर प्रेमानंद सवयीप्रमाणे आधी आत गेले नाहीत. ते बाजूला सरकून उभे राहिले, मोठ्या माणसाला वाट देताना उभं राहावं तसे, आणि त्यांच्या स्वतःच्याच ते नंतर लक्षात आलं.

"दार लावा," बेबीताई म्हणाल्या. "मांजर येते."

"राहू दे आजचा दिवस उघडं."

बेबीताईंनी दार तसंच सोडलं. दोघं हळूहळू जिना उतरू लागले, एकेक पायरी, हात धरून, आणि दोघांपैकी कोणीही मागं वळून पाहिलं नाही.